अर्ध्या मिठाची आमटी

डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलेलं एक तरी माणूस आता घरोघरी असतं. आणि त्याच घरात, "एवढ्याशा चिमटीनं काय मरतंय का कुणी," असं म्हणून त्याच्या ताटात वाढणारंही कुणीतरी असतं. दोघांचा एकमेकांवर जीव असतो, हीच तर पंचाईत आहे. वैऱ्यानं मीठ वाढलं असतं तर आपण कधीच हात आडवा केला असता. आपल्या माणसाला नको म्हणवत नाही. ही गोष्ट अशाच एका घरातली आहे, आणि ते घर तुमचं नसेल तर शेजारच्यांचं आहे असं समजून वाचा.

आष्टी तालुक्यातल्या एका वाडीवर आश्रुबा आणि सावित्रीबाई हे जोडपं राहतं. दोघांनी मिळून तीस हंगाम ऊस तोडला. दिवाळी झाली की गाडीत भांडीकुंडी भरायची, माजलगावकडं जायचं आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की गावाकडं परतायचं. फडात दिवसभर कोयता चालवून आश्रुबांचा सदरा पाठीवर पांढरा पडायचा, इतका घाम. तेव्हा ते भाकरीबरोबर जाडं मीठ खायचे आणि अंगाला ते लागायचंही. तीन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी राम म्हटला. मुलगा सत्यम ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर कामाला लागला आणि आश्रुबा घरी बसले. एक म्हैस, पारावरची बैठक आणि लोकांच्या पिकांवर फुकटची मतं, एवढाच उद्योग उरला. घाम थांबला, मीठ थांबलं नाही. आमटी चाखायच्या आधीच त्यांचा हात मिठाच्या बरणीकडं जायचा. "मामांनी कोयता सोडला, पन जीभ फडातच ठिवून आलेत," असं सून दीपमाला हसून म्हणायची.

आणि त्यांना बोल तरी कसा लावावा? सावित्रीबाईंच्या हाताला चवच तशी होती. ज्वारी, हरभऱ्याची डाळ आणि मसाले भाजून दळलेलं पीठ म्हणजे येसर. त्या येसराची आमटी सावित्रीबाईंनी करावी आणि पंगतीनं भुरके मारावेत. वाडीवर कुणाचं लग्न निघालं की स्वयंपाक कुणीही करो, कढईत मीठ टाकायला सावित्रीबाईंनाच बोलावणं यायचं. त्या मुठीनं मीठ टाकायच्या, मोजायच्या नाहीत. उभ्या आयुष्यात त्यांची आमटी कधी अळणी झाली नव्हती आणि ही गोष्ट त्या विचारणाऱ्याला सांगायच्या, न विचारणाऱ्यालाही सांगायच्या.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. सकाळी म्हशीला दावं बांधता बांधता आश्रुबांच्या उजव्या हातातला जोरच गेला. दावं खाली पडलं. सावित्रीबाईंनी हाक मारली तर त्यांच्या तोंडातून धड शब्द येईना. ओठ एका बाजूला ओढले गेले होते. दीपमालानं पळत जाऊन शेजारच्या आदिनाथची जीप आणली आणि सासऱ्यांना उचलून आत घातलं. अर्ध्या वाटेत हात हलायला लागला, बोलणं परत आलं आणि आश्रुबांनी लगेच जीप माघारी फिरवायचा हुकूम सोडला. दीपमालानं फिरवू दिली नाही, हे तिचे उपकार मानायचे. नाहीतर आपल्यातली निम्मी माणसं "झालं बरं" म्हणून त्याच गाडीनं घरी जातात.

आष्टीच्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला. वरचा आकडा एकशे नव्वदच्या पुढं होता. हा लकव्याचा इशारा आहे, असं त्यांनी सांगितलं. गोळी रोज घ्यायची, एक दिवसही चुकवायची नाही. आणि मीठ दिवसभरात एक लहान चमचा, त्यात लोणचं, पापड, ठेचा, भाकरीतलं मीठ, सगळं आलं. मग ते सावित्रीबाईंकडं वळून म्हणाले, "मावशी, या वेळी हात परत आला. पुढच्या वेळी येईलच, असं मी लिहून देऊ शकत नाही."

हे वाक्य सावित्रीबाईंच्या काळजात रुतलं. त्याच दिवशी त्यांनी बाजारात जाऊन किराणा दुकानातून दोन किलो सैंधव घेतलं. घरी येताच पांढऱ्या मिठाची बरणी फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली आणि आजपासून या घरात मीठ बंद, असं जाहीर केलं. आश्रुबांनी भीत भीत आमटी चाखली. आमटी नेहमीसारखीच लागली. ते खूश झाले आणि बायकोच्या हाताचं पुन्हा एकदा कौतुक करून पारावर गेले.

महिन्यानं वनमालाताई आल्या. वनमालाताई वाडीवरच्या आशा कार्यकर्त्या, पायाला भिंगरी आणि जिभेला धार. उपकेंद्रातलं दाब मोजायचं मशीन पिशवीत घालून त्या घरोघर फिरायच्या. त्यांनी आश्रुबांच्या दंडाला पट्टा बांधला. एकशे ब्याऐंशी! गोळ्या मोजून पाहिल्या, त्या बरोबर खाल्लेल्या होत्या. मग मिठाची चौकशी झाली तेव्हा सावित्रीबाईंनी ठसक्यात सांगितलं, महिना झाला, घरात मिठाचा खडा नाही. वनमालाताई चुलीकडं गेल्या, आमटीत पळी घातली आणि तळहातावर घेऊन चाखली.

"मग काकू, ही कशानं खारट झाली?"

"त्यात सैंधव हाय. मीठ कुठंय?"

"सैंधव म्हंजी कोण मग?"

"आता तुमीच सांगा," सावित्रीबाई म्हणाल्या, "उपासाला मीठ चालत न्हाई. सैंधव चालतं. म्हंजी ते मीठ न्हाईच की."

हसू नका. चाळीस वर्षं एकादशी-चतुर्थी पाळणाऱ्या बाईचा हिशेब आहे तो, आणि त्यात तसूभरही खोट नाही. शिकलेसवरलेले लोक तेच मीठ गुलाबी पुडीत घेतात आणि तब्येतीला चांगलं म्हणून मिरवतात. वनमालाताईही हसल्या नाहीत. त्या खाली बसल्या आणि त्यांनी शांतपणे सांगितलं, "काकू, उपास देवाचा असतो, देवाला चालत असल. रक्ताला रंग कळत न्हाई. जिभेला खारट लागलं की ते मीठच."

सावित्रीबाईंचा चेहरा उतरला. हे मीठ नाहीच, या भरवशावर त्यांनी महिनाभर हात सैल सोडला होता. सैंधव जरा सौम्य लागतं म्हणून नेहमीपेक्षा चिमूटभर जास्तच घातलं होतं. म्हणजे ज्याला वाचवायचं, त्यालाच आपण रोज दोन वेळा वाढत होतो, हे त्यांना उमगलं आणि त्या पदरानं डोळे पुसत बसल्या. वनमालाताईंनी पाठीवरून हात फिरवला, पण बाईंचं समाधान झालं नाही.

मग त्यांनी दुसरं टोक गाठलं. मीठच नाही. आमटीत नाही, भाजीत नाही, भाकरीत नाही. पहिले दोन दिवस आश्रुबांनी कसेबसे घास ढकलले. तिसऱ्या दिवशी त्यांनी ताट सारलं आणि ते उठून गेले. अडतीस वर्षांच्या संसारात भांडणं पुष्कळ झाली होती, पण सावित्रीबाईंनी वाढलेल्या ताटावरून माणूस उठला, असं कधी घडलं नव्हतं. ते ताट तसंच किती वेळ पडून होतं.

चौथ्या दिवसापासून मात्र आश्रुबा गुमान जेवायला लागले. भाकरी घेऊन ओट्यावर जायचे, पाठमोरे बसायचे आणि ताट रिकामं करून आणायचे. सावित्रीबाईंना वाटलं, जमलं एकदाचं. आठवड्यानं त्या नवऱ्याचं उपरणं धुवायला घेतात तर एका टोकाला गाठ, आणि गाठीत जाडं मीठ. फडात जाताना ऊसतोडे अशीच गाठ बांधून मीठ नेतात, त्यांनीच हजार वेळा बांधून दिली होती. त्या ओल्या हातानं तशाच ओट्यावर आल्या आणि गाठ नवऱ्यापुढं ठेवली.

"हे कावून केलं?"

आश्रुबा हळूच म्हणाले, "सावित्रे, तोंडात माती घातल्यावानी लागतंय गं. उभा जन्म राबलो. आता दोन घास चवीचे, एवढंच ऱ्हायलंतं. ते बी गेल्यावर ऱ्हायलं काय?"

"मी ऱ्हायले की," सावित्रीबाई म्हणाल्या. "मी दिसत न्हाई व्हय तुमाला? तुमाला काय झालं तर मी कुनाला वाढू?"

खरं सांगायचं तर आश्रुबांनाही मरायचं नव्हतं. त्यांना फक्त जेवायचं होतं. आणि आपल्याकडं पथ्य सांगणारे नेमकं हेच विसरतात. त्या दुपारी दोघंही उपाशी राहिले.

दाराआडून दीपमाला हे सगळं ऐकत होती. तिच्याकडं एक उपाय होता, पण तो बोलून दाखवायची सोय नव्हती. ती आणि बचत गटातल्या चौघी जणी मिळून गोठ्याशेजारच्या खोलीत धिंगरी पिकवायच्या. धिंगरी म्हणजे खायची अळंबी. सोयाबीनचं भुसकट उकळून पिशव्यांत भरायचं, त्यात बियाणं घालायचं आणि तीन आठवड्यांनी पांढरे तुरे काढायचे. चांगला माल आष्टीला जायचा, तुटकाफुटका ती पत्र्यावर वाळवून डब्यात भरून ठेवायची. पण सावित्रीबाई तिला कुत्र्याची छत्री म्हणायच्या. "खोलीत काय करायचं ते कर, मपल्या चुलीला ती लावायची न्हाई," अशी सक्त ताकीद होती.

दीपमालानं शहाणपण केलं. ती सासूशी भांडली नाही, वनमालाताईंना बोलावून आणलं. वनमालाताईंनी सावित्रीबाईंच्या हातचा चहा घेतला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "काकू, चवी किती?"

"सहा. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. हे काय इचारनं झालं?"

"आन मटनाच्या रश्श्यात भाकर कुस्करली, की घास गिळला तरी चव जिभंवर बसून ऱ्हाती. खारट म्हनावं तर तेवढी खारट न्हाई, तिखट म्हनावं तर तिखट न्हाई. ती सहातली कोनती?"

सावित्रीबाई विचारात पडल्या. स्वयंपाकातला प्रश्न होता, त्याला उत्तर न देणं त्यांना कमीपणाचं वाटलं. "ती रश्श्याची चव," त्या शेवटी म्हणाल्या.

"तीच. जपानातल्या लोकांनी तिला उमामी नाव दिलं. आपल्यात तिला नाव न्हाई, पन तुमच्या हाताला ती पुरती ठावं हाय. लालभडक पिकल्या टमाट्यात हाय, वाळवल्यावर आनखी वाढती. आन आपल्या घरातल्यात सगळ्यात जास्त कशात, तर ह्या दीपमालाच्या वाळल्या धिंगरीत. ही चव कालवणात उतरली की जीभ मिठाची लई वाट बघत न्हाई, निम्म्या मिठात बी भागतं." वनमालाताईंनी कप खाली ठेवला. "काकू, डॉक्टरनं मीठ कमी करायला सांगितलंतं. तुमी मीठ बी काढलं आन चव बी काढली. आश्रुबानाना रुसतील न्हाईतर काय करतील?"

रानातली छत्री उचलून खायची नसते, ती विषारी निघते, तुमचा संशय रास्तच आहे, हेही त्यांनी मान्य केलं. पण ही घरात डोळ्यांदेखत पिकलेली आहे, बियाणं कुठून आलं ते माहीत आहे, ही वेगळी. वनमालाताई गेल्यावर सावित्रीबाईंनी सुनेला हाक मारली आणि दुसरीकडंच बघत म्हणाल्या, "आण तुझी ती छत्री."

पहिल्या दिवशी फजिती झाली. उत्साहाच्या भरात दीपमालानं मूठभर भुकटी ओतली आणि आमटीला ओल्या भुसकटाचा वास सुटला. सावित्रीबाईंनी एक बोट चाखलं आणि आख्खं पातेलं म्हशीच्या आंबोणात ओतलं. म्हशीनंही आधी तोंड फिरवलं. पण एवढ्यानं हार मानतील तर त्या सावित्रीबाई कसल्या! चुलीपुढं कधी हरलेली बाई नव्हती ती. दुसऱ्या दिवशी त्यांनी सूत्रं स्वतःच्या हाती घेतली. धिंगरी तव्यावर मंद आचेवर खरपूस भाजली आणि मग कुटली. टमाटे चिरून तीन दिवस उन्हात वाळवले. ते वाळल्यावर कांदे सालीसकट चुलीत भाजले. येसर नेहमीपेक्षा थोडं जास्त परतलं, फोडणीत लसूण लाल होऊ दिला, वरून चिंचेचा कोळ. आणि मीठ, आयुष्यात पहिल्यांदाच, मुठीनं नाही तर चमच्यानं. आधी जेवढं घालायच्या त्याच्या निम्मं. पळी तोंडाला लावून त्यांनी आमटी चाखली. मग सुनेकडं वळून त्यांनी नुसती मान डोलावली आणि दीपमालाला त्यातच सगळं मिळालं.

दुपारी आश्रुबांपुढं ताट गेलं. सवयीप्रमाणे ते ओट्याकडं निघाले, पण आमटीच्या वासानं पाय तिथंच थांबले. पाटावर बसले. एक घास घेतला, दुसरा घेतला, आणि तिसरा हातातच धरून त्यांनी डोळे वटारले.

"आज वार कोनता?"

"सोमवार."

"आन सोमवारचं मटन शिजवलं? अगं, वाचवायचंय का बाटवायचंय मला!"

सासू-सुना एकमेकींकडं बघून हसायला लागल्या. हसता हसता सावित्रीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दीपमालानं डबा आणून दाखवला. आश्रुबांनी भुकटी चिमटीत घेतली, हुंगली, बायकोकडं संशयानं पाहिलं आणि मटण नाही याची खात्री पटल्यावर आणखी दोन भाकरी खाल्ल्या. उपरण्याच्या गाठीची त्यांना आठवणही झाली नाही.

एका दिवसात जादू झाली, असं मात्र कुणी समजू नका. जीभ चाळीस वर्षांची बिघडलेली, ती ताळ्यावर यायला तीन आठवडे लागले. मधूनच आश्रुबा कुरकुरायचे, लोणच्याच्या बरणीकडं बघून उसासे टाकायचे. पापड आठवड्यातून एकदा, लोणच्याची एकच फोड, अशी तडजोड झाली. गोळी चालू राहिली. आणि हळूहळू असं झालं, की पारावर कुणी भजी दिली तर आश्रुबाच म्हणायला लागले, "लई खारट केलंय बे हे."

फाल्गुनात वनमालाताई मशीन घेऊन आल्या. आश्रुबांचा दाब एकशे अडतीस भरला. घरात आनंद झाला. दीपमालानं सत्यमला फोन लावून आकडा कळवला. वनमालाताई पट्टा गुंडाळत होत्या, तोच आश्रुबा म्हणाले, "ताई, हिचा बी बघा की एकदा. मशीन आलंच हाय घरात."

सावित्रीबाईंनी हात झटकला. आपल्याला काय धाड भरली आहे, आपण तर दिवसभर कामात असतो, असं त्यांचं म्हणणं. वनमालाताईंनी ऐकलं नाही, त्यांना धरून बसवलं आणि पट्टा बांधला. मशीन गुरगुरलं, थांबलं. वनमालाताईंनी आकडा पाहिला, पाच मिनिटं त्यांना गप्प बसवून पुन्हा मोजला आणि मग आश्रुबांकडं पाहिलं.

एकशे शहात्तर!

असं कसं होईल? घरात तर निम्म्या मिठाची आमटी शिजते. वनमालाताईंनी विचारलं, "काकू, तुमी काय जेवता?" सावित्रीबाई टाळत राहिल्या. शेवटी दीपमालानंच मान खाली घालून सांगितलं. ती आमटी करायला वेळ लागतो, धिंगरीची भुकटी थोडी असते, म्हणून पथ्याचं छोटं पातेलं वेगळं निघायचं आणि ते मामांना दोन्ही वेळा पुरवलं जायचं. आत्याबाई सगळ्यांच्या मागून बसायच्या. भाकरीवर ठेचा, नाहीतर लोणच्याचा खार. वर ते विकत आणलेलं सैंधव टाकून कसं द्यायचं, म्हणून उरलेलं सगळं त्यांनीच संपवलं होतं.

तीस हंगाम या बाईनं आश्रुबांच्या बरोबरीनं ऊस तोडला होता. तोच फड, तेच ऊन, तेच मीठ. ते घरी बसले तेव्हा तीही घरी बसली होती. डॉक्टरांनी दाब मात्र त्यांचा एकट्याचाच मोजला होता. नवऱ्याचा हात परत येईल की नाही, या धास्तीनं झुरणाऱ्या बाईचा हात धरून पाहायचं कुणाच्याच मनात आलं नव्हतं. सुनेच्या नाही, आशाताईंच्या नाही, आणि अडतीस वर्षं शेजारी बसणाऱ्या नवऱ्याच्याही नाही.

ते उठले. गुडघे धरत चुलीपाशी गेले. पथ्याचं छोटं पातेलं उचललं आणि त्यातली आमटी एका ताटात ओतली, सगळी. भाकरी ठेवली. त्यांना वाढायची सवय नव्हती, निम्मी आमटी ताटाबाहेर सांडली. ते ताट त्यांनी बायकोपुढं ठेवलं आणि स्वतः समोर जमिनीवर बसले.

"तुमचं काय मग?" सावित्रीबाई म्हणाल्या.

"उद्याच्याला मोठं पातेलं चढव. आज तू आदी जेव," आश्रुबा म्हणाले. "आन उद्या सकाळी जीप सांगतो. डॉक्टरकडं दोघं जाऊ."

सावित्रीबाईंनी पहिला घास घेतला. नवरा समोर बसून आपलं जेवण बघतोय, याची त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी पदर तोंडापुढं ओढला. पण आश्रुबा हलले नाहीत. ताट रिकामं होईपर्यंत ते तिथंच बसून राहिले.

तेव्हा माझ्या बायाबापड्यांनो, मीठ जरूर कमी करा, आणि चव कमी न करता करा. भाजा, वाळवा, कुटा, आपल्याच परसात आणि आपल्याच गावात चव पडलेली आहे. पण घरात पथ्याचं वेगळं पातेलं मांडू नका. सगळ्यांना मिळून एकच पातेलं ठेवा, आणि आज घरी गेल्यावर, तुम्हाला जी जेवू घालते तिच्या दंडाला आधी पट्टा बांधा.